परंड्याचे गोळे व आमची मोजमापाची नावड

परंड्याचा भुईकोट किल्ला पाहावयास जो कोणी जातो तो खंदक ओलांडून, दरवाजांची वळणे घेऊन, अखेर बुरुजावरच्या तोफेपाशी येऊन उभा राहतो. तेथे तो काय करतो, हे आम्ही पुष्कळ वेळा पाहिले आहे. तो तोफेवर हात फिरवितो, हात टाकून तिची लांबी मोजतो, तोंडात डोकावतो, आणि सोबत असलेला जाणता मनुष्य तिच्या पल्ल्याची जी गोष्ट सांगेल ती मान डोलवून ऐकतो. पल्ला दर पिढीस कोसभर वाढतो. त्याच किल्ल्यात दगडी व ओतीव लोखंडी गोळ्यांचा जो साठा पडला आहे, त्यापाशी मात्र तो फारसा थांबत नाही. गोळा म्हणजे गोळा. त्यात पाहावयाचे काय, असा सर्वांचा समज असतो. आमचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. तोफ ही फेकणारी. भेद करणारा तो गोळाच. त्याचे वजन किती, तो कशाचा, त्याचा आकार कसा, आणि तो लागतेवेळी त्याचा वेग काय, या चार प्रश्नांची उत्तरे ज्यास ठाऊक नाहीत, त्याने तोफेचे नुसते नाव घेऊन छाती फुगविणे हे शोभादायक नव्हे. आणि हे चार प्रश्न जुन्या काळाबरोबर संपलेले नाहीत. आजच्या पोलीस शिपायाच्या अंगावरील जाकिटापर्यंत ते येऊन पोहोचले आहेत. म्हणून हा विषय आम्ही आज वाचकांपुढे मांडीत आहो.

प्रथम परंड्याच्या सर्वांत प्रसिद्ध तोफेचीच गोष्ट घेऊ. मुलूख-ए-मैदान या नावाने महाराष्ट्रात व कर्नाटकात जी ओळखली जाते, ती तोफ आज विजापुरास शेरजा बुरुजावर आहे. परंतु ती विजापूरची नव्हे. निजामशाहीच्या काळी, १५४९ साली, ती अहमदनगरास ओतली गेली, पुढे परंड्याच्या किल्ल्यात राहिली, आणि १६३२ साली मुरार जगदेवाने ती परंड्याहून विजापुरास नेली. लांबी सुमारे चवदा फूट चार इंच, तोंडाचा व्यास सुमारे दोन फूट चार इंच, वजन सुमारे पंचावन टन. तोंडाशी हत्तीस गिळणाऱ्या श्वापदाची आकृती कोरलेली. एवढी माहिती शाळेतल्या मुलासही सांगता येईल. परंतु तिच्यात मावणारा गोळा किती वजनाचा असेल, हे विचारा म्हणजे सर्वत्र शांतता पसरते.

वास्तविक हा हिशेब कठीण नाही. तोंडाचा व्यास सत्तर सेंटिमीटरांच्या आसपास धरला आणि गोळ्यास थोडी मोकळीक ठेविली, तर सहासष्ट सेंटिमीटर व्यासाचा गोळा बसेल. आपल्या काळ्या दगडाचा असा गोळा भरेल सुमारे सव्वाचारशे किलो. ओतीव लोखंडाचा केला तर तो हजार किलोंच्या वर जाईल. म्हणजे तोफ तीच, तोंड तेच, परंतु लोखंडी गोळा फेकावयास नळीस अडीचपट भार सोसावा लागणार, दारू वाढवावी लागणार, आणि नळी फुटण्याचे भय त्या मानाने वाढणार. प्रचंड तोंडाच्या जुन्या तोफांस दगडी गोळे का घालीत असत, याचे मुख्य कारण हे आहे. दगड स्वस्त म्हणून तर खरेच, परंतु दगड हलका म्हणूनही. राक्षसतंगडीच्या लढाईत, १५६५ साली, याच तोफेत तांब्याची नाणी भरून ती शत्रूवर झाडली, अशी परंपरागत हकीकत आहे. ती शब्दशः खरी मानावी की नाही, हा वाद आम्ही बाजूस ठेवतो. परंतु ज्याने ती सांगितली त्यास एक गोष्ट बरोबर कळली होती. दाटीने उभ्या असलेल्या माणसांवर पसरट, हलक्या तुकड्यांचा पाऊस पाडणे हे एक काम, आणि चिऱ्यांची भिंत फोडणे हे दुसरे. नाण्यांनी भिंत फुटत नाही, आणि एका गोळ्याने फौज मोडत नाही. अस्त्राची थोरवी त्याच्या आकारमानावर नसून, कामास योग्य असा गोळा निवडण्यावर आहे.

आता भेद म्हणजे काय, हे नीट पाहू. यासाठी विलायतेस जाण्याचे कारण नाही; परंडे तालुक्यातील कोणत्याही शेतकऱ्याच्या घरात याचे शिक्षण मिळते. ज्वारीचे पोते शिवावयाचे असता आपण दाभण घेतो, उलथणे घेत नाही. जोर तोच, हात तोच. परंतु दाभणाच्या टोकाशी तो सर्व जोर तिळाएवढ्या जागेवर पडतो. आता दुसरी गोष्ट पाहा. मुरमाड जमिनीत खड्डा घ्यावयाचा असता आपण दाभण घेत नाही, पहार घेतो. पहारेचे टोकही बारीकच. परंतु त्या टोकामागे लांबच लांब लोखंडाचे वजन उभे असते, आणि तेच वजन टोकास आत लोटते. भेदाचे सारे शास्त्र या दोन वस्तूंत आले. लागणारी जागा लहान हवी, आणि त्या जागेच्या पाठीमागे वजन पुष्कळ हवे. म्हणजे गोळ्याचे नुसते वजन पाहून भागत नाही. त्याच्या तोंडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे किती वजन उभे आहे, ते पाहावे लागते.

हेच आकड्यांत मांडू. दहा सेंटिमीटर व्यासाचा गोळा काळ्या दगडाचा असेल तर सुमारे दीड किलो भरेल, ओतीव लोखंडाचा सुमारे पावणेचार किलो, आणि शिशाचा सुमारे सहा किलो. तिघांचीही लागणारी जागा सारखी. परंतु लोखंडी गोळ्यामागे दगडीपेक्षा अडीचपट वजन. आता दगडी गोळ्याने लोखंडाची बरोबरी करावयाची म्हटले तर त्यास मोठे झाले पाहिजे. व्यास दुप्पट केला की लागणारी जागा चौपट होते व वजन आठपट होते. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरमागील वजन फक्त दुपटीने वाढते. या हिशेबाने दहा सेंटिमीटरच्या लोखंडी गोळ्याची बरोबरी करण्यास दगडी गोळा जवळजवळ सव्वीस सेंटिमीटरांचा लागतो, आणि त्याचे वजन पंचवीस किलोंच्या वर जाते. पावणेचार किलोंचे काम करावयास पंचवीस किलो! शिवाय दगडाचा आणखी एक दोष आहे. काळ्या दगडाचा गोळा काळ्या दगडाच्या भिंतीवर आदळला तर दोघेही सारखेच कठीण, तेव्हा पुष्कळ वेळा गोळाच फुटतो, आणि जो जोर भिंतीत शिरावयाचा तो गोळ्याच्या चिरफळ्या उडविण्यात खर्ची पडतो. युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस लोखंडी गोळे प्रचारात आले, आणि १४९४ साली फ्रान्सच्या आठव्या चार्ल्सने इटलीवर स्वारी केली तेव्हा त्या गोळ्यांपुढे जुन्या उंच तटांचा टिकाव लागेना. तोफा त्याच्या लहान होत्या. परंतु गोळा वजनदार होता.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. भेद आणि धक्का या दोन वस्तू निराळ्या. सव्वाचारशे किलोंचा दगड भिंतीत शिरला नाही तरी भिंतीस हादरा देईल, चिरे ढिले करील, आतील माणसांचे धैर्य खचवील. त्याची किंमत शून्य, असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, हादरा आणि छिद्र यांचा हिशेब निरनिराळा ठेविला पाहिजे. किल्ले बांधणाऱ्यांनी तो ठेविला होता. परंड्यास खंदक, बाहेरचा कोट व आतला कोट अशी जी रचना आहे ती शोभेसाठी नव्हे. शत्रूच्या तोफेस मुख्य तटाचा पाया सहज दिसू नये, गोळा दूर अंतरावरून यावा, आणि तो येईपर्यंत त्याचा वेग उतरावा, हा तिच्यातील हेतू होय.

वेगाचे नाव निघाले म्हणून आकाराकडे वळू. गोळा हवेतून जातो तेव्हा हवा त्यास अडविते, हे सर्वांस ठाऊक. परंतु ती किती अडविते, हे प्रत्यक्ष मोजून दाखविण्याचा मान बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणित्याकडे जातो. एक जड लाकडी लोलक टांगून त्याने त्यावर गोळी झाडली, लोलक किती मागे झुलला ते पाहिले, आणि त्यावरून गोळीचा वेग काढला. १७४२ साली त्याने आपले पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा हवेचा विरोध पूर्वीच्या समजुतीपेक्षा किती तरी अधिक आहे, असे दिसून विद्वान मंडळी चकित झाली. ऑयलरसारख्या थोर गणित्याने त्याचे जर्मन भाषांतर केले. आमच्या वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. हा रॉबिन्स ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत हिंदुस्थानात आला, आणि १७५१ साली मद्रासच्या दक्षिणेस फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला. ज्या वेळी आमचे सरदार तोफांस देवीदेवतांची नावे ठेवून त्यांची पूजा करीत होते, त्या वेळी समुद्रकाठच्या त्या कोटात लोलक टांगून गोळी मोजणारा मनुष्य येऊन राहिला होता. तोफेची पूजा करण्यात पाप नाही. परंतु पूजेनंतर मोजमापही झाले असते तर बरे होते. पराक्रमात आम्ही कमी नव्हतो. गोलंदाज, गरनाळा, सुतरनाळा, कुलपी गोळे हे शब्द आमच्या भाषेत आहेत, ते उगीच नाहीत. आमच्यात उणीव होती ती वहीची.

मोजमाप सुरू झाल्यावर पुढची पायरी आपोआप आली. गोल गोळीचा दोष असा की, वजन वाढवावयाचे तर तिची जाडी वाढवावी लागते, आणि जाडी वाढली की हवा अधिक अडविते. यावर उपाय म्हणजे गोळी लांबट करणे. जाडी तीच, लांबी वाढली, म्हणजे त्याच छिद्रामागे वजन अधिक उभे राहिले. पहारेचे तत्त्व गोळीस लागू झाले. परंतु लांबट गोळी नुसती फेकली तर ती हवेत कोलांट्या खाते; म्हणून नळीत पीळदार खाचा पाडून तिला भोवऱ्याप्रमाणे गिरकी द्यावी लागते. १८५३ सालची जी एन्फील्ड बंदूक हिंदुस्थानातील पलटणींत आली, आणि जिच्या काडतुसांच्या चरबीवरून १८५७ चा भडका उडाला, ती याच प्रकारची होती. काडतुसाची चरबी सर्वांच्या स्मरणात आहे. त्या काडतुसातील गोळी लांबट होती आणि म्हणून ती जुन्या गोल गोळीपेक्षा कितीतरी दूरवर नेमकी लागत असे, हे मात्र थोड्यांस माहीत असेल.

आता आजच्या काळाकडे येऊ. पोलिसांच्या कमरेला जे नऊ मिलिमीटरचे पिस्तूल असते त्याची गोळी साधारणपणे साडेसात ते आठ ग्रॅम वजनाची, बोथट गोल नाकाची, आणि सेकंदास सुमारे साडेतीनशे मीटर वेगाची असते. एके-४७ बंदुकीची गोळीही जवळजवळ आठच ग्रॅमची. वजन तेच! परंतु ती किंचित बारीक, टोकदार, आणि तिचा वेग सेकंदास सातशे मीटरांच्या वर, म्हणजे दुप्पट. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते. पिस्तुलाच्या गोळीची सुमारे पाचशे ज्यूल, तर एके-४७ च्या गोळीची सुमारे दोन हजार ज्यूल. हातात घेऊन तोलल्या तर दोन्ही गोळ्या सारख्याच वाटतील. परंतु एक ज्या वस्त्रात अडकते त्याच वस्त्रातून दुसरी आरपार जाते. उलट, पॉईंट ४५ जातीच्या पिस्तुलाची गोळी पंधरा ग्रॅमची, म्हणजे जवळजवळ दुप्पट वजनाची. परंतु ती जाड आणि मंद, म्हणून तिची शक्तीही पाचशे ज्यूलांच्याच आसपास राहते. मोठी गोळी म्हणजे खोल जाणारी गोळी, ही समजूत परंड्याच्या बुरुजावर जितकी खोटी, तितकीच ती पिस्तुलांच्या बाबतीतही खोटी आहे.

नाकाचा आकार हे याहूनही नाजूक प्रकरण आहे. कठीण धातूचे पूर्ण आवरण असलेली गोल नाकाची गोळी शरीरात आपला आकार राखते, म्हणून खोल जाते व पुष्कळदा पलीकडे निघते. नाक मऊ किंवा पोकळ ठेविले तर ते लागताच फुलते; लागणारी जागा वाढते, गोळी लवकर थांबते, आणि जखम रुंद होते. हा प्रकार जगास परिचित झाला तो आपल्याच देशातील एका गावाच्या नावाने. कलकत्त्याजवळील डमडम येथील कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरहद्दीवरील लढायांसाठी अशा गोळ्या तयार झाल्या. आवरणाची गोळी मनुष्यातून निघून जाते पण त्यास थांबवीत नाही, अशी इंग्रज सैनिकांची तक्रार होती. १८९९ साली हेग येथील परिषदेने शरीरात फुलणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत, असा जाहीरनामा काढला, आणि इंग्रज सरकारने तो १९०७ साली मान्य केला. परंतु याच्या उलट बाजूचाही विचार केला पाहिजे. रणांगणावर निषिद्ध ठरलेला हा प्रकार काही शहरांच्या पोलिसांनी पुढे जाणूनबुजून स्वीकारला, कारण गर्दीच्या रस्त्यात आरपार गेलेली गोळी मागच्या निरपराध मनुष्यास लागते. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस हाच युक्तिवाद केला. यात बरोबर कोण, याचा निर्णय एका वाक्यात देण्याचे धाडस आम्ही करीत नाही. डॉक्टर, वकील व पोलीस अधिकारी यांनी एकत्र बसून, लोकांसमक्ष, त्याचा विचार करावा असा हा प्रश्न आहे. आणि ज्यास गोळी का थांबते हेच ठाऊक नाही, त्यास त्या चर्चेत ना बोलता येईल ना ऐकता येईल.

हलकी व फुलणारी गोळी लवकर थांबते, यात सोय आहे तसा धोकाही आहे. अमेरिकेत मायामी येथे ११ एप्रिल १९८६ रोजी तपास खात्याचे अधिकारी व दोन दरोडेखोर यांची चकमक झाली. एका अधिकाऱ्याची नऊ मिलिमीटरची, हलक्या वजनाची, फुलणारी गोळी दरोडेखोराच्या दंडातून छातीत शिरली, परंतु हृदयाच्या अलीकडेच थांबली. जखम प्राणांतिक होती, तथापि तो मनुष्य लढत राहिला, आणि दोन अधिकारी प्राणास मुकले. त्या खात्याने पुढे काय केले, हे आमच्या लोकांनी विशेष ध्यानात घ्यावे. त्यांनी कोणाच्या नशिबास बोल लाविला नाही. मांसाइतका विरोध करणारा जिलेटिनचा गोळा तयार करून त्यांनी निरनिराळ्या आकारांच्या व वजनांच्या गोळ्या त्यात झाडून पाहिल्या, आणि कमीत कमी बारा इंच व जास्तीत जास्त अठरा इंच जाईल ती गोळी योग्य, अशी मर्यादा ठरविली. बारापेक्षा कमी गेली तर शिपायाचा जीव धोक्यात. अठरापेक्षा जास्त गेली तर वाटसरूचा. रॉबिन्सच्या लोलकाचाच हा वंशज होय.

आता आमच्याकडील अनुभव पाहा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर जो हल्ला झाला, त्यात हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर हे अधिकारी पडले. गिरगाव चौपाटीपाशी तुकाराम ओंबळे यांनी हातात केवळ लाठी असता एके-४७ ची नळी धरून ठेविली व आपल्या देहावर गोळ्या घेतल्या. त्यांस मरणोत्तर अशोकचक्र मिळाले, आणि ते योग्यच झाले. परंतु त्या रात्रीनंतर पोलिसांच्या जाकिटांविषयी जो गदारोळ उठला, त्यात मूळ प्रश्न विचारणारे थोडे निघाले. ‘गोळीरोधक’ हा शब्द आम्ही बिनदिक्कत उच्चारतो. कोणत्या गोळीचा रोध, हे कोण विचारतो? मजबूत तंतूंच्या अनेक पदरांचे मऊ जाकीट पिस्तुलाची बोथट, शिशाची, मंद गोळी चपटी करून अडविते. तिचा जोर रुंद जागेवर पसरविते. तेच जाकीट बंदुकीच्या बारीक, वेगवान, टोकदार गोळीपुढे कापडच ठरते. तिच्यासाठी आत कठीण फरशीसारखी पाटी घालावी लागते, आणि त्या पाटीचे ओझे शिपायास वाहावे लागते. म्हणजे जाकीट हे खरे किंवा खोटे नसते. ते अमुक गोळीसाठी पुरेसे किंवा अपुरे असते. भारतीय मानक संस्थेने २०१८ साली या जाकिटांसाठी स्वतंत्र मानक प्रसिद्ध करून, कोणत्या जातीच्या गोळीस कोणती पायरी लागेल हे ठरवून दिले, ही समाधानाची गोष्ट आहे. ते दहा वर्षे आधी का झाले नाही, हा प्रश्न लोकांनी विचारावयास हवा होता. परंतु विचारणार कसे? हिशेब ठाऊक असेल तोच हिशेब मागतो.

त्याच रात्रीचा दुसरा धडा याहून सूक्ष्म आहे. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर रेल्वे पोलिसांपाशी ज्या जुन्या पॉईंट ३०३ बंदुका होत्या, त्यांच्या गोळीची शक्ती एके-४७ च्या गोळीपेक्षा कमी नव्हे, तर दीडपट अधिक, म्हणजे तीन हजार ज्यूलांच्या वर आहे. मग उणे कोठे पडले? त्या बंदुकीस प्रत्येक गोळीमागे हाताने खटका ओढावा लागतो, आणि समोरची बंदूक एका दमात गोळ्यांची सर पाडते. म्हणून ‘आमच्या गोळीत दम नव्हता’ असे म्हणणारा जितका चुकतो, तितकाच ‘आमची गोळी जबर, मग चिंता कशाची’ असे म्हणणाराही चुकतो. एकाच आकड्यावर भिस्त ठेवणे हेही अज्ञानच होय.

लग्नाच्या वरातीत वा मिरवणुकीत हवेत गोळ्या झाडण्याचा जो रानटी प्रघात देशाच्या काही भागांत आहे, त्याचाही येथे उल्लेख केला पाहिजे. वर गेलेली गोळी आकाशात विरत नाही. ती आपले वजन घेऊन खाली येते, आणि कोणाच्या तरी डोक्यावर येते. २०१९ साली हत्यारांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन अशा गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कैद वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. कायदा झाला हे बरे. परंतु गोळी खाली येते, एवढे गतिशास्त्र शाळेत पक्के शिकविले असते तर कायद्यास काम थोडे पडते.

यावर कित्येक सज्जन असा आक्षेप घेतील की, मनुष्याच्या देहात गोळी किती शिरते याची चर्चा सुसंस्कृत पत्राने करावी काय? हे ज्ञान दुष्टांच्या हाती पडेल त्याचे काय? आमचे उत्तर असे की, ज्यास निःशस्त्र मनुष्यावर पाठीमागून गोळी झाडावयाची आहे त्यास गणिताची गरज पडत नाही. चार पावलांवरून सर्व गोळ्या सारख्याच. गणिताची गरज असते ती जाकीट विकत घेणाऱ्या खात्यास, जखमेत गोळी शोधणाऱ्या डॉक्टरास, गोळीच्या मार्गावरून सत्य काढणाऱ्या न्यायाधीशास, आणि या सर्वांस जाब विचारणाऱ्या नागरिकास. अज्ञानाने आजवर मारेकऱ्याचा हात कधी धरलेला नाही. रक्षण करणाऱ्याचा मात्र पुष्कळदा धरला आहे. शिवाय पुण्याजवळ खडकीस १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, जळगाव जिल्ह्यात वरणगावास दुसरा आहे. गोळ्या ओतावयाच्या मराठी हातांनी, आणि त्यांचे शास्त्र वाचावयाचे मात्र परभाषेत, ही स्थिती भूषणावह नाही.

आता पुन्हा परंड्यास येऊ. १६३० साली मोगलांचा सरदार आजमखान याने या किल्ल्यास वेढा घातला. तो उठला तो तोफेच्या भयाने नव्हे, तर त्या भयंकर दुष्काळात घोड्यांस चारा मिळेना म्हणून. १६३४ साली शहाजादा शुजा व महाबतखान यांनी पुन्हा वेढा घातला. त्यांनाही हात हलवीत परतावे लागले. आणि १६६० साली तो मोगलांच्या हाती गेला तो तट फुटून नव्हे, तर किल्लेदाराने स्वाधीन केला म्हणून. ज्या तटास बाहेरून गोळ्यांनी दाद दिली नाही, त्याचा दरवाजा आतून उघडला. तात्पर्य, तोफांची नुसती मोजदाद करून इतिहास समजत नाही. चाऱ्याच्या गंजीपासून किल्लेदाराच्या इमानापर्यंत सर्व काही तोलावे लागते. मग गोळा न तोलता कसे चालेल?

आमची मागणी मोठी नाही. परंड्याच्या किल्ल्यातील प्रत्येक गोळ्याचा व्यास, वजन, धातू वा दगड, आणि तो जेथे पडला आहे ती जागा, यांची यादी करून ती छापावी व लोकांपुढे ठेवावी. प्रत्येक तोफेच्या तोंडाचा व्यास त्याच यादीत द्यावा. म्हणजे कोणता गोळा कोणत्या तोफेचा ते कळेल; आणि जो गोळा किल्ल्यातील एकाही तोफेत बसत नाही, तो कदाचित वेढा घालणाऱ्याचा असेल. अशा एका गोळ्यातून इतिहासाचे जे पान उघडेल ते शंभर दंतकथांतून उघडणार नाही. पुरातत्त्व खात्याने देखरेख करावी, आणि काम परंड्याच्या शाळांतील मुलांस द्यावे. काटा, दोरी, सुताराचा कंपास आणि एक वही, एवढ्या सामग्रीवर हे होण्यासारखे आहे. दोरीने परीघ मोजून त्यावरून व्यास काढणारा, आणि वजनास घनफळाने भागून ‘हा गोळा लोखंडाचा खरा, पण आत पोकळ दिसतो’ असे सांगणारा मुलगा पुढे कोणत्याही खात्यात गेला तरी कोऱ्या कागदावर सही करणार नाही. आमच्या मते हेच खरे शिक्षण. यादी झाली म्हणजे आणखी एक लाभ होईल. मोजलेली वस्तू सहसा हरवत नाही. आणि हरवली तर हरवल्याचे कळते तरी.

मुलूख-ए-मैदान तोफेची शेवटची हकीकत सांगून हा लेख पुरा करितो. १८५४ साली विजापुरातील निरुपयोगी सरकारी माल म्हणून ती लिलावास निघाली, आणि तिच्यावर सर्वांत मोठी बोली आली ती दीडशे रुपयांची. एवढ्या थोड्या रकमेस ती द्यावी हे अधिकाऱ्यास बरे वाटेना, आणि लोकांची तिच्यावर भक्तीही होती. म्हणून विक्री रद्द झाली व तोफ वाचली. बोली करणाऱ्याने निदान धातूचा काही भाव केला होता. आम्ही तिच्यावर अभिमानाने बोलतो, परंतु तिच्या गोळ्याचे वजन आम्हांस सांगता येत नाही. ज्या वस्तूचे वजन ठाऊक नाही तिची किंमत दुसरा कोणी तरी ठरवितो, आणि तो दीडशेच रुपये ठरवितो. परंड्याच्या बुरुजाखाली पडलेले गोळे तागडीची वाट पाहत आहेत. ती घेऊन प्रथम कोण जातो, ते आता पाहू.